दुसरा घोट

आमच्या मंडळीचे सेक्रेटरी दिगंबर सर यांनी चर्चच्या वार्षिक अंकासाठी माझ्याकडे 'आदरणीय वडील श्री. हिंदुराव लोंढे यांचा अल्प परिचय' मागितला आहे. एक पान, फोटोसह. वडील म्हणजे चर्चच्या कामात पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, हातभार लावण्यासाठी मंडळीने निवडलेला माणूस. 'आदरणीय' हा शब्द सरांनी स्वतःच्या हाताने लिहून पाठवला, याचं मला भारी हसू आलं. का आलं, ते पुढे कळेलच. आयुष्यभर शाळेत मुलांचे निबंध तपासले, तरी आपल्याच नवऱ्याचा एका पानात परिचय लिहायला बसले आणि पान पुरेना. शेवटी सरांना चार ओळी आणि फोटो पाठवून दिला. हे मात्र मी माझ्यासाठी आणि ज्याला वाचायचं असेल त्याच्यासाठी लिहिते आहे.

नाव हिंदुराव आणि धर्म ख्रिस्ती, याची ज्यांना गंमत वाटते त्यांना वाटू द्यावी. आजेसासऱ्यांनी साताऱ्याकडे ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा देव बदलला, नाव ठेवलं तेच. तेच नाव नातवाला मिळालं. नातू पुढे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागला आणि पिऊ लागला. त्यावरचे सगळे विनोद माझे ऐकून झाले आहेत. नवा कुणाला सुचला तर त्याने तो आपल्याजवळच ठेवावा.

कामावर ते कधी पिऊन गेले नाहीत. पाळी सुटली की मात्र धरबंद नसायचा. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. यायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि घरात आम्ही दोघी मायलेकी कुजबुजत जेवायचो. लेकीचा वर्गात पहिला नंबर आला तेव्हा ती मला म्हणाली, "आई, बाबांना उद्या सकाळी सांगू, आत्ता त्यांना कळणार नाही." एवढीशी पोर, आणि तिने बापाच्या वेळा ओळखल्या होत्या.

आमच्यात ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपवासकाळ असतो. कुणी मटण सोडतं, कुणी चहा, कुणी टीव्ही. आमचे हे दारू सोडायचे, आणि शब्दाला इतके पक्के की त्या चाळीस दिवसांत थेंबाला शिवायचे नाहीत. हात थरथरायचे, रात्र रात्र डोळा लागायचा नाही, पण नेम म्हणजे नेम. ईस्टरला आमची पहाटेची उपासना दफनभूमीत होते. आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायच्या, फुलं ठेवायची आणि येशू मेलेल्यांतून उठला म्हणून उजाडता उजाडता गाणी म्हणायची. ती संपली की फाटकाबाहेर यांचे दोस्त उभे. दुपारपर्यंत माझा नवरा पुन्हा मूळ पदावर.

"बघा ललिताबाई, मनात आणलं तर सोडू शकतात," असं लोक मला सांगायचे. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सोडू शकतात हे मला दिसत नव्हतं का? त्या चाळीस दिवसांत घरात जो माणूस असायचा तो मला फार आवडायचा. तो भाजी निवडून द्यायचा, लेकीला गणितं घालायचा, माझ्या शाळेतल्या भांडणांत माझी बाजू घ्यायचा. ईस्टर जवळ आला की चर्चमध्ये पुनरुत्थानाची गाणी बसवायला सुरुवात व्हायची, आणि मी बायकांच्या रांगेत उभी राहून मनात म्हणायची, देवा, यंदा ईस्टर नको. देवाने मला त्याबद्दल क्षमा केली असेल. नसेल केली तर मी भेटल्यावर त्याच्याशी बोलेन.

मग एका वर्षी ईस्टरला हे दुपार झाली तरी आले नाहीत. मी मटण शिजवून झाकून ठेवलं होतं आणि लेकीला वाढून मोकळी झाले होते. उन्हं उतरायला लागली तेव्हा दार वाजलं. हे उभे. गुडघ्यापर्यंत माती, हातांना चुना, डोळे लाल. मी पाहून घेतलं, डोळे रडून लाल झाले होते. सासूबाई गेल्या होत्या तेव्हा त्यांच्या दफनाला हे उभे राहण्याच्या अवस्थेत नव्हते. मूठभर माती टाकायची असते, तीसुद्धा यांच्या हातून पडली नव्हती. या ईस्टरला पहाटेची उपासना संपून सगळे गेल्यावर हे दफनभूमीतच थांबले, आईच्या कबरीवरचं गवत उपटलं, रखवालदाराकडून चुना मागून घेतला आणि ती पांढरी केली. फाटकाबाहेरचे दोस्त वाट पाहून निघून गेले.

"ललिता," ते म्हणाले, "दरवर्षी मी देवाला चाळीस दिवस द्यायचो आणि ईस्टरला ते परत मागून घ्यायचो. आज परत मागायची लाज वाटली."

"बरं," मी म्हटलं. "हात धुवा आणि जेवायला बसा."

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर गळ्यात पडून रडली असती. मी पडले नाही. मला ईस्टरचा सोमवार बघायचा होता, मग मंगळवार, मग पगाराचा दिवस. यांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला, रविवारची शाळा केलेली, गाणी तोंडपाठ. देवाबद्दल यांना नव्याने कळण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तर मला भरवसा नव्हता. पण त्या दिवसापासून काहीतरी वेगळं होतं. आधी दारू सोडायचे तेव्हा दात-ओठ खाऊन सोडायचे, जणू देवावर उपकार. आता सकाळी उठून हात जोडायचे आणि म्हणायचे, "प्रभू, माझ्याच्याने होत नाही. आजचा दिवस तू बघ." रोज तेवढंच. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. इतकी वर्षं चर्चमध्ये लांबलचक प्रार्थना ऐकल्या, इतकी खरी एकही ऐकली नव्हती.

एका रात्रीत माणूस देवदूत होतो असं मात्र कुणी सांगू नये. दारू सुटली आणि हे भयंकर खाष्ट झाले. आमटीत मीठ का, पंखा का, शेजारी मोठ्याने का बोलतात. गूळ तर इतका खायचे की डबा लपवावा लागायचा. मी पाळकांकडे जाऊन म्हटलं, पिणारा परवडला. त्यांनी यांना डॉक्टरकडे नेलं, आणि दारू सोडलेल्या माणसांची एक बैठक भरायची तिथे बसवलं. हळूहळू गाडी रुळावर आली. हसू परत आलं. मीही एक दिवस बघता बघता दिवस मोजायची थांबले.

आमच्या लोकांत साक्ष द्यायची पद्धत आहे. देवाने आपलं आयुष्य कसं बदललं हे मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. काही जण दरवर्षी तीच साक्ष देतात आणि दरवर्षी पाप थोडं वाढवतात. यांना खूपदा आग्रह झाला. हे म्हणायचे, "गोष्ट संपली की सांगेन, अजून चालू आहे." बोलण्याऐवजी ते शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी दारू सोडू पाहणाऱ्यांना बोलवू लागले. चहा, पोहे, थोडी प्रार्थना, बाकी सगळ्या गप्पा. कधी दोघं यायचे, कधी सात-आठ. कारखान्यातले, रिक्षावाले, एक बँकेतले साहेबसुद्धा. निवृत्त झाल्यावर कारखान्याचं क्वार्टर सोडून आम्ही खडकी बाजाराच्या मागे फ्लॅट घेतला. आमच्या गॅलरीतून दारूचं दुकान सरळ दिसतं, म्हणून मी नको म्हणत होते. हे म्हणाले, "दिसू दे. मलाही ते कुठे आहे हे ठाऊक असलेलं बरं."

यांना वडील निवडायची वेळ आली तेव्हा सगळ्यात जास्त विरोध दिगंबर सरांचा. "ज्यांचा भूतकाळ स्वच्छ आहे असे लोक मंडळीत कमी आहेत का?" असं ते सभेत म्हणाले. मतदानात हे निवडून आले. सरांनी हस्तांदोलन केलं, तेही दोन बोटांनी.

आता गेल्या मे महिन्यातल्या त्या रविवारचं सांगते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर भाकर आणि द्राक्षरस घेतला, त्याच्या आठवणीसाठी. आमच्या चर्चमध्ये दारू चालत नाही. काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून केलेला रस असतो, आणि तो करण्याचा मान यमुनाबाईंचा. यमुनाबाई ऐंशीच्या घरातल्या. कितीतरी वर्षं या कामाला त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एरवी त्या रस शनिवारी करायच्या. त्या आठवड्यात शनिवारी भाचीचं लग्न होतं, म्हणून बाईंनी तो बुधवारीच करून बाटल्या भरल्या. फ्रीजमध्ये सुनेने आमरसाचे डबे रचलेले. सुनेला काही सांगायचं म्हणजे बाईंना कमीपणा. बाटल्या गेल्या कॉटखाली. मे महिन्यात पुण्यात कॉटखाली काय उकडतं हे मी सांगायला नको. रविवारी बाईंनी स्वतःच्या हाताने छोटे छोटे पेले भरले. करोनानंतर त्यांच्या नाकाला वास येत नाही, त्यामुळे त्यांना काहीच कळलं नाही.

आमच्यात आधी पाळक आणि वडील घेतात, मग वडील ट्रे घेऊन बाकांमधून फिरतात. आमचे आत्ताचे पाळक तरुण आणि इतके सोज्ज्वळ की त्यांना रस आंबट लागला, एवढंच. दिगंबर सरही वडीलच, त्यांनी डोळे मिटून घेतला. यांनी पेला तोंडाला लावला आणि मी बायकांच्या बाजूने पाहिलं, यांची मान ताठ झाली. रस आंबून त्याची दारू झाली होती, आणि तो घोट गिळला गेला होता.

ट्रे यांच्या हातात दिला गेला होता. हे दोन पावलं पुढे आले आणि थांबले. तिसऱ्या बाकावर योगेश बसला होता. योगेश रिक्षा चालवतो, चाळिशीचा आहे, आणि तेव्हा त्याला दारू सोडून जेमतेम काही महिने झाले होते. त्याची बायको माहेराहून नुकतीच परत आली होती, आणि त्या दिवशी ती त्याच्याशेजारी बसली होती.

हे वळले आणि त्यांनी ट्रे परत टेबलावर ठेवला. "पाळकसाहेब," ते म्हणाले, "हा रस फिरलाय. वाटू नका."

रसावर प्रार्थना झालेली, आशीर्वाद मागितलेला. प्रभूच्या मेजावरचं कुणी असं परत ठेवत नाही. पाळक गोंधळले. तेवढ्यात दिगंबर सर हळूच म्हणाले, पण आमच्या चर्चमध्ये हळू म्हटलेलंही मागच्या बाकापर्यंत ऐकू जातं, "हिंदुरावांनी चव बरी ओळखली!" कुणीतरी खुदकन हसलं. माझ्या हातातली पर्स मी दिगंबर सरांना फेकून मारली नाही, याचं श्रेय पूर्णपणे पवित्र आत्म्याला.

यांच्या कानापर्यंत रक्त चढलं. मला वाटलं, आता खाली मान घालून बसतील. ते मंडळीकडे तोंड करून उभे राहिले.

"ओळखणारच, सर," ते म्हणाले. "निम्मं आयुष्य तिच्याच संगतीत गेलं. एक घोट पोटात गेलाय माझ्या. आणि खरं सांगतो, दुसरा हवासा वाटतोय. इथं, प्रभूच्या मेजापुढे उभा राहून वाटतोय. इतक्या वर्षांनी. म्हणून म्हणतो, वाटू नका. माझ्यासारखं अजून कुणी इथं असेल, तर त्याच्या हातात हे माझ्या हाताने जायला नको."

हे बोलताना त्यांनी तिसऱ्या बाकाकडे एकदाही पाहिलं नाही. योगेशच्या बायकोला काही कळू नये, याचं भान त्यांना तेव्हाही होतं. इतक्या लोकांपुढे माझ्या नवऱ्याने दारू हवीशी वाटते म्हणून सांगितलं, आणि मला वाटलं, बाकावर उभं राहून ओरडावं की हा माझा माणूस आहे.

पाळक तरुण असले तरी शहाणे निघाले. "आज भाकर पुरे," ते म्हणाले. रस अंगणातल्या चिंचेच्या बुडाशी ओतला गेला, आणि उपासना पुढे चालू झाली. यमुनाबाई मात्र बाजूच्या दाराने रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन, डोळ्यांना पदर लावून निघून गेल्या. मी त्यांच्यामागे जाणार होते, पण मला यांच्याजवळ राहायचं होतं.

घरी आल्यावर हे तसेच पलंगावर बसले. कपडे बदलले नाहीत, पाणी प्यायले नाहीत. हात थरथरत होते, जुन्या उपवासकाळात थरथरायचे तसेच. मी ताट वाढलं, त्यांनी बाजूला सारलं. मग म्हणाले, "ललिता, बाहेरून कुलूप लाव. आजचा दिवस."

गॅलरीतून ते दुकान दिसत होतं. रविवार म्हणून गर्दी होती. इतक्या वर्षांचं सगळं त्या एका घोटाने वाहून जाणार का, हे मला कळत नव्हतं आणि त्यांनाही कळत नव्हतं.

"मी कुलूप लावणार नाही," मी म्हटलं. "कुलपाने तुम्ही थांबला असता तर मी लग्नातच आंदण आणलं असतं."

ते हसले नाहीत. पण पलंगावरून उठून खुर्चीत बसले आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. रोजचीच प्रार्थना असणार. मी दार सताड उघडं ठेवलं.

थोड्या वेळाने योगेश आला. चपला काढून दारातच उभा राहिला. "काका, बसू का जरा?"

"बस."

तो जमिनीवर भिंतीला टेकून बसला. मग योगेश म्हणाला, "पेला हातात आला असता तर मी घेतला असता, काका. आणि नंतर बायकोला घरी सोडून दुकानात गेलो असतो. मला माझं माहितीये." यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो तसाच बसून राहिला. शनिवारी हे ज्यांच्याजवळ बसायचे, त्यांच्यातला एक आज यांच्याजवळ बसला होता. मी आत जाऊन चहा टाकला आणि मनसोक्त रडून घेतलं.

उन्हं कलली तेव्हा योगेश भाडी मारायला गेला. हे उठले, तोंड धुतलं आणि चपला घातल्या.

"कुठे?" मी विचारलं. आवाज नको तेवढा चढला माझा.

"यमुनाबाईंकडे. बाई सकाळपासून उपाशी असतील. इतक्या वर्षांचं काम माझ्या एका शब्दाने मातीत गेलं त्यांचं."

"मी येते."

"नको," ते म्हणाले. "तू आलीस तर तू मला सांभाळत येशील. मला एकट्याला जाऊ दे."

गेले. यमुनाबाईंचं घर बाजाराच्या पलीकडे, आणि वाट दुकानावरूनच. मी पूजेला बसल्यासारखी गॅलरीत बसले. जाताना ते दुकानाच्या समोरच्या बाजूने, उन्हातून, भराभर गेले. मी श्वास सोडला. मग वाट पाहणं सुरू झालं. तेवढ्या वेळात मी देवाला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परत येताना दिसले तेव्हा त्यांच्याबरोबर यमुनाबाई होत्या. एका हातात बाईंची पिशवी, दुसऱ्या हाताला बाईंचा हात. बाईंना ऊन सोसत नाही, आणि त्या वेळी सावली फक्त दुकानाच्या बाजूला होती. म्हणून हे त्याच बाजूने येत होते. बाईंचे गुडघे दुखतात, त्या चार पावलं टाकून थांबत. दुकानाच्या अगदी तोंडाशी त्या दम घ्यायला थांबल्या. माणसं बाटल्या घेऊन यांच्या खांद्याला घासून जात होती. हे बाईंचा हात धरून उभे, आणि बाई काहीतरी तावातावाने सांगत होत्या, बहुतेक सुनेबद्दल. हे मान हलवत होते. ज्या दुकानाच्या जवळून माझा नवरा इतकी वर्षं पळत गेला, त्याच्या दारात तो एका म्हातारीचा दम परत येईपर्यंत उभा राहिला. घाई केली नाही. मग बाईंनी पाऊल टाकलं, आणि त्यांच्या मागोमाग यांनी.

तेवढं पाहून मी उठले. जिन्यात बाईंचा आवाज आला, "मला भूक नाही हो हिंदुराव, उगाच आणलंत." मी तीन ताटं घेतली आणि आमटी गरम करायला ठेवली.